पहिली दाढी

तीर्थरूप बाबा,

आईला, तुम्हाला आणि तुमच्या वस्तऱ्याला नमस्कार.

मी मजेत आहे. हार्मोनच्या औषधांचं सांगितल्यापासून तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून हे पत्र. औषधं छान लागू पडलीत. आवाज फुटला, हनुवटीवर केस उगवले. बेकरीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, पिठात पडतील हो, दाढी करा!" ते 'दादा' ऐकून मी दिवसभर पावासारखा फुगलो होतो.

पण सलूनवाल्याचं पोर असून पहिल्याच दाढीला गाल कापला! तुरटी लावली, काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

लहानपणी तुमच्या खुर्चीवर चढलो की म्हणायचात, "उतर पोरी, ही पुरुषांची जागा." पुढच्या महिन्यात दाढी वाढवूनच घरी येतोय. आता तरी बसवाल ना?

तुमचं नवं गिऱ्हाईक,
तुमचा थोरला