पाठीवर टाचलेलं वाक्य

सर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. आधी तेच सांगते. वाणगावच्या शाळेत, पाचवीला, मी 'आय अॅम अ टेन इयर्स ओल्ड गर्ल' असं लिहिलं होतं. काय चुकलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. ते वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवलंत, लाल शाईने फुली मारलीत आणि टाचणीने माझ्या झग्याच्या पाठीवर लावलंत. "घरी जाईपर्यंत काढायचं नाही," म्हणालात. मी बाजारातून तशीच चालतेय. भाजीवाल्या बघतायत, वर्गातली मुलं मागून ओरडतायत, आणि मी टाचणीला हात लावत नाही, कारण तुम्ही सांगितलंय.

आईला अक्षरओळख नव्हती. तिने कागद सोडवला, उलटसुलट करून पाहिला आणि तिचा चेहरा फुलला. "इंग्रजीत दिलंय? आपल्या घरातलं पयलंच बक्षीस गं!" भाताच्या खळीने तिने तो चुलीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. आल्यागेल्याला दाखवायची. माझं ताट त्याच्यासमोरच असायचं. दहावीपर्यंत दोन्ही वेळा मी तुमची फुली बघत जेवले. आई गेली, पण तिला खरं सांगितलं नाही.

काय चुकलं होतं ते मला कॉलेजात गेल्यावर पुस्तकातून कळलं. नामाच्या आधी दोन-तीन शब्द मिळून एकच विशेषण होत असेल, तर त्यांना छोट्या आडव्या रेघेने जोडायचं, आणि त्या जोडणीत 'इयर' एकवचनीच राहतं: 'टेन-इयर-ओल्ड गर्ल'. 'द गर्ल इज टेन इयर्स ओल्ड' म्हटलं की शब्द सुटे, रेघ नको. फळ्यावर दोन ओळी, सर. दोन मिनिटं. तुमच्याकडे तेवढी नव्हती. टाचण्यांची डबी मात्र टेबलावर कायम असायची.

पुढे मीही डहाणूत इंग्रजी शिकवायला लागले. कुणाला कधी टाचणी लावली नाही, याचा मला फार ताठा होता. २०१६ साली रानशेतहून येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने निबंधात आईला 'हार्ड वर्किंग वुमन' म्हटलं. मधली रेघ नव्हती. मी वही उंच धरली आणि वर्गाला विचारलं, "हिच्या आईची रेघ कुठे गेली?"

मागच्या बाकावरून आलं, "बाई, तिची आय लाकडं फोडते, रेघा नाय मारत!"

वर्ग हसला. मीही हसले. मुलगी चार दिवस आली नाही.

पाचव्या दिवशी मी जीपने रानशेतला गेले. तिची आई अंगणात भात पाखडत होती, मुलगी दाराआड. सूप खाली ठेवून आईने घाबरत विचारलं, "बाई, पोरीनं काय खोडी केली?"

"काही नाही. माझं चुकलं," मी म्हटलं.

मग मुलीला बाहेर बोलावलं, काडीने मातीत दोन वाक्यं लिहिली, एकात रेघ दिली, एकात नाही, आणि का ते सांगितलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

सोमवारी ती पहिल्या बाकावर होती.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, कपाटात ठेवायचं आहे. तुमच्यावर राग काढायला बसले होते, आणि तो अजूनही पुरा निघालेला नाही. पण 'माझं चुकलं' हे मी त्या मुलीच्या आईला म्हणाले. तिला नाही. ती दहावी पास होऊन पेढे द्यायला आली, मी पेढा खाल्ला, तिचं अक्षर सुधारायला हवं म्हणाले. तेव्हाही नाही.