तिथून पुढचं तिकीट

१२ जानेवारी २०२५

डिंकाचे लाडू झाले एकदाचे! शंभर वळले होते, हे येता-जाता एकेक तोंडात टाकून राहिले. मनोहरराव, म्हटलं, बाळंतीण तुम्ही आहात का काजल? तर म्हणतात, "चव पाहून राहिलो."

काजलले नववा लागला. जावई रोहित फोनवर म्हणतात, "आई, बँकॉकमध्ये सगळं भेटते." भेटत असेल. माझ्या हातचं भेटते का?

१३ जानेवारी

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. जायचं तिकीट आहेच, परतीचंही आत्ताच काढू म्हणे. मी नाही म्हटलं म्हणजे नाही!

सासूबाईंकडची रीत आहे – पोरीच्या बाळंतपणाले निघालेली बाई परतीचा दिवस ठरवून निघत नाही. बाळ हाती येऊ द्यायचं, मग पाहायचं. एकतीस वर्षं धंतोलीच्या दवाखान्यात सिस्टर होती मी, तेही डिलिव्हरी वॉर्डात. असल्या गोष्टींवरून किती सासवांले झापलं आहे! पण दोन वर्षांआधी मी जाण्या-येण्याचं तिकीट एकदमच काढून ठेवलं होतं. जायची वेळच आली नाही. सहाव्या महिन्यातच गेलं काजलचं बाळ.

तिकिटानं काही होत नसते, मले माहीत आहे. तरी नाही काढणार.

१४ जानेवारी

संक्रांत. काजलचा फोन – "आई, लवकर ये वं, मले भेव लागून राहिलं." तिले खूप हसवलं. फोन ठेवला आणि रडली.

१७ जानेवारी

जाऊ दिलं नाही! विमानतळावरून घरी परत!

काउंटरवरची पोरगी गोड होती. "मॅडम, परतीचं तिकीट?" नाही म्हटलं. "मग येणार कधी?" म्हटलं, ते बाळ सांगेल. हसली, पण बोर्डिंग पास काही देईना. नियम आहे म्हणे – थायलंडमधून बाहेर जायचं तिकीट दाखवा, नाहीतर तिथले लोक तुम्हाले आल्या पावली परत पाठवतील. ह्यांनी लगेच मोबाईल काढला, परतीचं पाहू लागले. मी त्यांचा हात धरला. "काहून अशी करून राहिली?" तोंडातून फक्त "नको" निघालं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोबाईल खिशात टाकला. विमान गेलं.

घरी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, विमान फक्त गच्चीवरून पाहिलेलं. ह्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते पोरगी काय म्हणे? घरी यायचं तिकीट दाखव, का तिथून निघायचं?"

हे म्हणाले, "तिथून निघायचं."

"मंग घरीच काहून यायचं गा? दुसऱ्या कोण्या गावचं काढ! आपली रीतही राह्यते अन् त्याइचा कायदाही राह्यते."

आम्हा दोघांले हे सुचलंच नाही. एवढी शिकलेली माणसं आम्ही!

उद्याचं विमान मिळालं. आणि बँकॉकहून पुढचं सगळ्यात स्वस्त निघालं पिनांग – मलेशियातलं बेट आहे. १४ मार्च. असेना का कुठंही, जायचं कोणाले आहे!

१८ जानेवारी

सोडलं! तीच पोरगी होती. "पिनांगले कोण असते मॅडम?" म्हटलं, कोणीच नाही. तिच्या हातावर लाडू ठेवला. ह्यांचे डोळे भरले होते. धूळ गेली म्हणे! एसीत कुठली आली धूळ?

१९ जानेवारी, बँकॉक

तिकिटाचा कागद छातीशी धरून रांगेत उभी. साहेबानं पासपोर्ट पाहिला, ठप्पा मारला, झालं. कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही मेल्यानं!

बाहेर काजल. आधी पोट गळ्यात पडलं, मग पोरगी.

२९ जानेवारी

मुलगी!! दोन किलो नऊशे. रडणं असं खणखणीत की अख्खा वॉर्ड जागा झाला. हजारो बाळं धरली असतील ह्या हातांनी, हिले घेताना मात्र तिथल्या सिस्टरले विचारलं, कशी धरू? काजल सारखी विचारे, "बरी आहे ना आई? नक्की?" बरी आहे वं माय, बरी आहे!

सासूबाईंले व्हिडिओवर दाखवली. "नाक माझ्यावर गेलं," म्हणाल्या. दुपट्यात फक्त कपाळ दिसून राहिलं होतं.

९ मार्च

सव्वा महिना झाला. लाडू संपले, पोरीच्या गालावर रंग आला. आता नागपूरचं तिकीट काढायले हरकत नाही. रोहित म्हणाले, "आई, ते पिनांगचं रद्द करून टाकू?"

हो म्हणायले तोंड उघडलं. आणि म्हटलं, थांबा, उद्या सांगते. काहून म्हटलं असं?

१० मार्च

ह्यांले फोन केला. पिनांगले जाऊनच येऊ का, विचारलं. मग म्हणाले, "जाऊन ये. इथं मी आहे, माय आहे, दोघं काय उपाशी मरतो?"

१४ मार्च

विमानात बसली. पिनांग. एकटी, चार दिवस, मग तिथूनच नागपूर. तिथं कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही, कोणी बाळंत नाही. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा अशा गावाले चालली, जिथं माझं काहीच काम नाही!