आईचं संध्याकाळचं दुखणं

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. गोडदेवच्या आपल्या घरात मी आता एकटीच असते. तुझ्या आजाराबद्दल कोणी विचारलं की अजून चाचरते, म्हणून हे तुलाच लिहितेय.

तुझ्या जबड्याचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तोंड आतून सोलून निघालं होतं. पेज, वरणाचं पाणी, कुटलेल्या गोळ्या, सगळं नाकातल्या नळीतून. दिवसभर मी जेसल पार्कच्या शाळेत शिकवायला आणि तुझ्यापाशी शेजारच्या गुजराती काकी. संध्याकाळी मी घरी येते तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. कळ कानापर्यंत जातेय, असं बोटाने दाखवतेस. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावते.

"गोळी वाढवू या," डॉक्टर एकदा म्हणाले, "पण रोज संध्याकाळीच का वाढतं, तेही बघा. झोप नसली, भीती वाटली, एकटं वाटलं, तरी कळ वाढते."

"म्हणजे मनाचं दुखणं आहे?" मला रागच आला.

"नाही हो, खरंच दुखतंय त्यांना. पण तीच जखम कधी सोसवते, कधी सोसवत नाही."

मी काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दिन में दुखता है, पर इतना नहीं. मेरे साथ सिरियल देखती है. मैं वहीं बैठके सब्जी काटती हूँ, खाना भी वहीं खाती हूँ. तुम्हारे आने के बाद क्या होता है?"

काय व्हायचं? मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे आणि ओट्यापाशी उभ्याने जेवायचे. घरात मासे आणणं तर कधीच बंद केलं होतं. तुला घोटभर पाणी गिळता येत नाही, तुझ्यासमोर घास कसा घेऊ? ही माझी माया, असं मी धरून चालले होते.

त्या संध्याकाळी दार लावायला गेले तर तू चूळ भरायचा पेला खाटेवर आपटलास. तुझे शब्द धड फुटायचे नाहीत, तीनदा सांगितलंस तेव्हा कळलं. "दार कशाला लावतेस? मला वाळीत टाकलंय काय?"

"तुला अन्नाचा वास येऊन त्रास होईल ना गं."

"मिशरी मी लावली, भोगतेय मी. माझ्या तोंडाला घाण मारते म्हून तू पलीकडं जेवतेस. व्हय ना?"

"नाही गं आई," मी म्हणाले. ते अर्धं खोटं होतं. तुझ्या जखमेला वास यायचा आणि मला तो सोसायचा नाही. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मी बोंबील तळले आणि ताट घेऊन तुझ्या खाटेला टेकून बसले. तू डोळे मिटून वास घेतलास आणि न चाखताच म्हणालीस, "मीठ कमी हाय." होतंच कमी. पहिले काही दिवस मी श्वास रोखून जेवले. मग एकदा बोलता बोलता दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, तेव्हा लक्षात आलं की वास मला जाणवलाच नव्हता. तुझं दुखणं गेलं नाही, गोळी वाढवावी लागलीच. पण त्यानंतर संध्याकाळी तू भिंतीकडे वळली नाहीस. गेलीस तेव्हाही तोंड माझ्याकडे होतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. यंदा शाळेची तंबाखूविरोधी फेरी निघाली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "टीचर, तुमच्या घरी कोणी खायचं का?"

मी म्हणाले, "आमच्याकडे? छे, कोणीच नाही."