मागचे अंगण आणि त्याखालच्या तारा

मी, दत्ताराम धर्मा भोईर, वय वर्षे बहात्तर, राहणार नवघर गाव, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी खाडीतल्या भरावाविरुद्ध गेल्या महिन्यात मी केलेल्या भाषणाबद्दल चौकशी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नवघरचे राहते घर मुलगा प्रणय याला, जेसल पार्कमधील सदनिका मुलगी चांदणी हिला. बँकेतील ठेव दोघांना सारखी. माझी पत्नी द्वारका हिने आपले दागिने हयातीतच सून आणि मुलगी यांना वाटून दिले. मला विचारले नाही, ते बरेच केले.

२. पुस्तके गावच्या वाचनालयाला. ती कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत. कुलूप लावायचे असेल तर रद्दीत द्यावीत, तिथे निदान कुणी उघडून बघेल. माझी भाषणे छापू नयेत. ज्यांच्यासाठी केली, त्यांनी ती ऐकली आहेत.

३. बिनतारी संच, मोर्सची किल्ली, मीटर आणि डागकामाचे सामान चांदणीला. घरात परवाना आता तिच्याकडेच राहील. विनापरवाना संदेश पाठवणे गुन्हा आहे, हे जावईबापूंनी ध्यानात घ्यावे.

४. आता मागचे अंगण. ही जागा मी स्वतःच्या कमाईतून घेतली असून तिच्यावर अन्य कुणाचाही हक्क नाही. तिथे ॲल्युमिनियमच्या नळ्या एकीत एक बसवून मी उभा अँटेना केला आहे. उंची दहा मीटर. खांब जमिनीला टेकू नये म्हणून बुडाशी जाड प्लॅस्टिकचा पाट, तिन्ही बाजूंना ताणाचे दोर. याच दोरांवर द्वारका ओल्या साड्या टाकायची. ओल्या कपड्यांनी अँटेनाचा मेळ बिघडतो, हे मी मीटरचा काटा दाखवून तिला पुष्कळ समजावले. ती म्हणायची, "खांब तुमचा हाय, दोर माजा."

लोकांना फक्त खांब दिसतो. अशा अँटेनाचे निम्मे काम जमिनीत चालते. बुंध्यापासून चहूकडे तारा पुराव्या लागतात. आमची जमीन मिठागराकडेची, भाताला कधी नीट न मानवलेली. रेडिओला मात्र अशीच ओली, खारी माती हवी असते. हवा चांगली असली की मॉरिशसचा माणूस शेजारून बोलल्यासारखा ऐकू येतो.

माझे अंगण अरुंद आहे. निम्म्या तारा कुंपणाखालून माझा धाकटा भाऊ लवू याच्या अंगणात जातात. त्या त्याने स्वतः फावडे घेऊन माझ्याबरोबर पुरल्या. पहिला खांब बांबूचा करायचा होता. सरळ, उंच बांबू आणून, तासून, अळशीचे तेल लावून मी अंगणात आडवा ठेवला आणि ठाण्याला सभेसाठी गेलो. होळी तोंडावर होती. होळीसाठी झाड तोडू नका, हे मी तोवर दरवर्षी चौकात सांगत आलो होतो. लवूने विचार केला की रेडिओ तर आपण जमिनीत पुरला, मग हा बांबू होळीचाच. झाड नको म्हणून दादाने बांबू आणला. तो वाजतगाजत बेंजो पार्टी घेऊन आला. बायकांनी बांबूला हळदकुंकू लावले, हार घातले. मी परतलो तेव्हा माझा अँटेना चौकात पेटला होता आणि लवू माईकवरून माझे आभार मानत होता.

मी माईक घेतला. त्यानंतर गावासमोर लवूला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. तो एकदा येऊन "चुकला दादा" म्हणाला असता तर मिटले असते, असे माझे मत होते, आणि आजही आहे.

तारा तो उपटील, असे मी धरून चाललो होतो. मीटर दर पावसाळ्यानंतर सांगायचा की त्या शाबूत आहेत. मी ते मातीचे श्रेय समजलो.

गेल्या महिन्यात प्रणय बिल्डरचा प्रस्ताव घेऊन आला. दोन्ही अंगणे मिळाली तरच इमारत बसते. माझा अँटेना गच्चीवर लावून देणार होते. मी नाही म्हणण्याआधीच प्रणय चिडून म्हणाला की काकाच सही करत नाहीत. लवू काय म्हणतो, असे मी विचारले. लवूचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले: "खाली दादाच्या तारा हायेत. तो हाय तवर फावडा लावू देनार न्हाय."

सबब मागचे अंगण मी भाऊ लवू धर्मा भोईर याला, कोणतीही अट न घालता, देत आहे. प्रणयने हरकत घेऊ नये. त्याला घर दिले आहे. ही जागा जपली लवूने.

५. व्यवस्थापक म्हणून चांदणीला नेमतो.

६. सही करण्यापूर्वी हे कलम वाढवत आहे. मी गेल्यावर लवूला हे वकिलाकडून कळावे, हे मला पटेना. आज सकाळी कुंपणापाशी जाऊन मी त्याला चौथे कलम वाचून दाखवले. त्याने पूर्ण ऐकले. मग वर बघून म्हणाला, "दादा, त्यो उगवतीकडचा दोर सडलाय. पावसाच्या आदी बदलू. शिडी मी आनतो." सह्यांसाठी आलेले साक्षीदार ओटीवर थांबले आहेत. लवू शिडी धरून अंगणात उभा आहे, म्हणून आवरते घेतो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

दत्ताराम धर्मा भोईर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. पराग केणी, नवघर (सही)
२. सुचेता राजाध्यक्ष, वकील, जेसल पार्क (सही)

स्थळ: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: १८ मे २०२५