बोअर आणि आपली मधली भिंत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे यावेळचा खुर्चीत बसूनच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा बसलेला आवाज सुटला का, की घरात शांतता बरी म्हणून कोणी औषधच दिलं नाही? इकडे सगळं ठीक. इतक्या वर्षांनी याला पत्र लिहायचं कसं सुचलं, असं तुला वाटेल. काही नाही, सहज.

आमच्या नळाने अखेर मान टाकली, म्हणून बोअर मारायचं ठरलं. कंपनीचा मालक बोलण्यात पटाईत. म्हणाला, या भागात दीडशे-दोनशे फुटांत पाणी लागतंच. (कोणाला लागतं, ते नाही सांगितलं.) गाडी आली ती घराएवढी. आमच्या फाटकातून शिरेना, म्हणून तुझ्या बंद घराच्या मोठ्या फाटकातून घेतली, आणि मग अंगणातली मधली भिंत पाडावी लागली. हो, तीच. वाटणीच्या वेळी तू स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. रागावू नकोस, विटा जपून ठेवल्यात.

दोनशे फुटांपर्यंत नुसता दगडाचा भुगा. तुझी भावजय वाळत घातलेल्या चादरींसकट पांढरीफटक झाली. अडीचशेला मालक म्हणाला, आता लागेलच. तीनशेलाही तेच म्हणाला, फक्त हळू आवाजात. मी पुरे म्हणणार, एवढ्यात तुझ्या भावजयीने पदर खोचला. "हंडे मी वाहते, तुम्ही नाही. जाऊ दे खाली!" आणखी थोडं खाली गेले आणि असा फवारा उडाला, की सगळ्यांत आधी मालकच पळाला. पाणी गोड आहे गं. ही चक्क रडली. मीही रडलो, पण डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगून निभावलं.

मग गवंडी भिंत पुन्हा उभारायला आला. जुन्या पायावरून त्याने दोरी ताणली, आणि थापी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. असो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. बोअर दोरीच्या तुझ्या बाजूला आहे. हातभरच. भिंत नव्हती, गाडी सपाट जागा बघून उभी राहिली आणि आम्ही सगळे पाण्याकडे डोळे लावून. भिंतीखालून एक पाइप घ्यायला तेवढी परवानगी दे. गवंडी खोळंबलाय.

आणखी ता. क. वाटणीच्या दिवशी तू म्हणाली होतीस, "तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही." हे तुझ्याच जागेतलं आहे, म्हणजे शब्द मोडत नाही. ये. गवंड्याला घरी पाठवलंय.