सोबत म्हणून आलेली माणसं

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकलेलं दिसत नाही, म्हणून लिहून कळवतो.) तुमची तब्येत कशी आहे, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, पण या खेपेला उत्तराची खरोखर वाट पाहतो आहे. मामीचे गुडघे बरे असतील. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे बायको ठीक, मुलगी ठीक, माझं पुढे लिहितो. पत्राचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तुम्ही मला पाहिलंत, मी तुम्हाला पाहिलं, आणि मग आपण दोघंही भिंतीवरचा मणक्याचा तक्ता असा मन लावून पाहत बसलो, जणू उद्या त्यावर परीक्षा आहे. नंतर तुम्ही डॉक्टरांना न भेटताच निघून गेलात. त्याची मला इतकी लाज वाटते आहे की फोन करायचं धाडस झालं नाही.

आधी माझं सांगून टाकतो, तुमच्याविषयी लिहायला अजून जीभ (की पेन?) रेटत नाही. चष्म्याच्या दुकानात माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या अगदी नाकासमोर बसायचं, फ्रेम चढवायची, कानामागची दांडी वाकवायची आणि 'छान दिसते' म्हणायचं. वर्षापूर्वी माझा उजवा डोळा नेमका हे म्हणतानाच मिटायला लागला. पुढे गालही त्याला सामील झाला. म्हणजे मी म्हणणार, ही फ्रेम तुम्हाला शोभते, आणि डोळा म्हणणार, यांचं काही ऐकू नका. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने फ्रेम काढून ठेवली आणि मालकीणबाईंना विचारलं की तुमचा हा माणूस नक्की कुणाच्या बाजूने आहे. एक गृहस्थ किंमत ऐकून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, समजलं, बाहेर टपरीवर भेटतो. (ते खरोखर तासभर टपरीवर थांबले होते. मी मागच्या दाराने घरी गेलो.) शेवटी मालकीणबाईंनी मला आतल्या खोलीत काचा घासायला बसवलं.

उपाय मी कमी केले नाहीत. दुकानातले सगळे नंबर स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिले, चहा सोडला, पुन्हा धरला. काळा चष्मा घातला, तर गिऱ्हाइकं मलाच हाताला धरून खुर्चीत बसवायला लागली. तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा तुम्ही भरल्या ताटावर सगळ्यांदेखत म्हणालात, की मनात काही असल्याशिवाय माणसाचा डोळा असा चालत नाही. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसतानाही तो मिटलाच. त्या दिवशी घरी जाऊन आरशासमोर बसून मी रडलो मामा. एका डोळ्याने जरा जास्त.

पुढे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, भानगड नसेची आहे, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. आता मेंदूच्या डॉक्टरांकडे जातो म्हटलं की लोक आपल्याशी सावकाश बोलायला लागतात, म्हणून मी घरात कुणालाच सांगितलं नाही. बाकावर बसलो, तर शेजारच्या बाईंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, की त्या सुनेबरोबर आल्यात. सून डोळ्यांवर ओढणी बांधून भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती म्हणाली की तिला फक्त अर्धशिशी आहे, त्याला काय डॉक्टर लागतो, ती सासूला सोबत म्हणून आली. पलीकडच्या तरुणाला कधीमधी फिट येत असावी (त्याच्या आईच्या हातात गोळ्यांचा डबा होता), पण तोही म्हणाला, आईसाठी आलोय. मीही छाती काढून म्हणालो, मित्र आत आहे. औषधालासुद्धा पेशंट नव्हता. काउंटरवरची मुलगी वैतागून म्हणाली, मग तपासायचं कुणाला?

तेवढ्यात तुमचा नंबर पुकारला. तुम्ही उठलात, मला पाहिलंत, उजवा हात खिशात घातलात, आणि त्या मुलीला इथे दातांचा एक्स-रे कुठे काढतात ते विचारलंत. चाळीस वर्षं कवळ्या करणारा माणूस, तो दातांचा एक्स-रे विचारतो. मला 'मामा' अशी हाक मारायची होती. तोंडाशी आली होती. पण हाक मारली तर मी इथे का, हेही निघणार, म्हणून गिळली. तुम्ही जिना उतरलात, आणि मी (हे लिहिताना कान तापले आहेत) तुमच्या रिकाम्या नंबरावर आत गेलो.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की चेहऱ्याच्या नसेला बहुधा आतली एखादी रक्तवाहिनी खेटते आहे, यात मनाचा काही संबंध नाही. त्या भोंगे वाजवणाऱ्या बोगद्यात घालून मेंदूचा फोटो काढला, मग डोळ्याभोवती बारीक सुया. औषध तेच, जे नटनट्या सुरकुत्यांसाठी घेतात. तीन-चार महिन्यांनी उतरतं, मग पुन्हा घ्यायचं. आठवडा झाला, डोळा शांत आहे. मात्र उजवीकडून मी जावई दिसतो आणि डावीकडून सासरा. मालकीणबाईंनी मला काउंटरवर परत घेतलं आणि दवाखान्याचा पत्ता मागितला.

निघताना मी डॉक्टरांना तुमच्या हाताचं विचारलं. नाव सांगितलं नाही, माझे मामा एवढंच म्हणालो. तुमच्या खोलीत मेणाची हिरडी कोरताना सुरी थरथरते, आणि हल्लीचं मेणच चांगलं येत नाही असं तुम्ही म्हणता, हे मी वर्षभर पाहतो आहे. दर वेळी मी मान वळवून फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे मोजत बसतो. डॉक्टर म्हणाले, थरथर अनेक तऱ्हांची असते. काहींचा हात स्वस्थ असताना कापतो, काहींचा काम करताना, आणि दोन्हींची औषधं वेगळी. बऱ्याच जणांना गोळीने इतका फरक पडतो की हत्यार पुन्हा धरता येतं, पण न बघता मी काहीच सांगणार नाही. मग म्हणाले, "पुढच्या वेळी हात घेऊन या. नुसता भाचा नको."

थोरामोठ्यांना असं लिहिणं शोभत नाही, पण गप्प बसणं तरी कुठे शोभलं?

तुमचा,
चष्मू

ता. क. खरं काम राहिलंच. येत्या गुरुवारी माझ्या आधीचा नंबर तुमच्या नावाने लावला आहे. घरी सांगा, भाच्याला सोबत म्हणून जातो. मी कुणाला काही बोलणार नाही, शब्द देतो.

आणखी ता. क. शब्द मोडला. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामीचा फोन आला, आणि मी सगळं ओकून मोकळा झालो. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे रे. वर्षभर त्यांना चहा अर्धाच कप देते, तो काय दूध वाचवायला? भरलेला सांडतो, आणि सांडला की दिवसभर ते माझ्याकडे बघत नाहीत." गुरुवारी तीही येणार आहे.