न बोलता चढलेला पाहुणा

कान्यो ओंडो,
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय फाउस्तिनो,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. पाऊस आहे, कोंबड्या आहेत, नदी मागच्या आठवड्यात पायरीपर्यंत आली आणि परत गेली. तू खुशाल आहेस का, हे विचारत नाही. हॉटेलच्या छापील कागदावर एवढं लांबलचक पत्र टाइप करून रागावणाऱ्या माणसाची प्रकृती ठणठणीतच असणार. ग्लेंडाला माझा नमस्कार सांग. नवऱ्याच्या गावी पहिल्यांदा आली आणि पांढरे बूट घालून आली. त्यांच्यावरचा चिखल निघाला की नाही तेही कळव.

तुझं पत्र सामानाच्या लाँचमधून आलं. पपा दारातच बसले होते. "कोणाचं गं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठल्याशा हॉटेलची जाहिरात आहे. "फाउस्तिनोच्या हॉटेलची?" म्हणाले. मी नाही म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या मागे जाऊन वाचलं. वाचून झाल्यावर युकाचे कंद सोलत बसले, आणि खरं सांगते, एवढ्या पातळ साली मी आयुष्यात काढल्या नसतील.

तर तुझ्या तक्रारी. आमची होडी जुनी आहे. बरोबर. बाकांना गाद्या नाहीत. बरोबर. परतल्यावर पाहुण्यांना थंड रुमाल दिले नाहीत. अरे, आमच्याकडे चेहरा पुसायला नदी असते. तुझे हॉटेलचे साहेब तीन कॅमेरे गळ्यात अडकवून आले होते, त्यांना घाम कसला आला तेच मला कळलं नाही, सगळी सकाळ ते बसूनच होते. मगरीचा फोटो काढताना "हिला जरा हसायला सांगा" म्हणाले आणि तू एवढा मोठ्याने हसलास की झाडावरचा पाणकावळा उडून गेला. पगारात हसण्याचेही पैसे धरलेले असतात का रे?

पुढची तक्रार अशी की मी फेरी चालू असताना स्वयंपाकाच्या गप्पा मारते. "तुझी बहीण मागे मोटर धरून बसते आणि दर थोड्या वेळाने बापाला ओरडून विचारते, रात्री भात टाकू का, मासळी तळू का, केळी उकडू का. पाहुण्यांना आपली भाषा समजत नाही म्हणून बरं, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं." हे तुझेच शब्द. वाचून मी जरा हसले. तुझ्यासारख्या हुशार माणसाला एवढंही विचारावंसं वाटलं नाही, की ज्या घरात रोजच भात शिजतो तिथे भात टाकू का हे कोण विचारतं.

आणि मग खरी तक्रार, जिच्यासाठी बाकीचं सगळं लिहिलंस. पपांनी तुला ओळख दाखवली नाही. पाच वर्षांनी मुलगा आला, समोर उभा राहिला, आणि बापाने "वेलकम, सर" म्हणून हात पुढे केला. सगळ्या फेरीत तुझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. उतरताना पुन्हा "सांभाळून, सर". तू लिहितोस की म्हातारा अजून जुना राग धरून बसलाय, त्याने तुझ्या बायकोसमोर आणि साहेबांसमोर तुला जाणूनबुजून परका केला. आता त्याने लेखी माफी मागावी, नाहीतर तू त्याचा मुलगा नाहीस. शिवाय ही फेरी कशी चालते ते तू अभयारण्याच्या कचेरीत कळवणार आहेस.

जुना राग. तो तुला बरा आठवतो. "परक्यांना सरडे दाखवत मी जन्म काढणार नाही," असं तू म्हणालास. "मग माझ्या होडीत पुन्हा पाय ठेवू नकोस," असं ते म्हणाले. तू गेलास. ते दुसऱ्या दिवसापासून सरडे दाखवत राहिले. त्या सरड्यांवर तुझी शाळा झाली होती एवढंच मी म्हणते, बाकी जाऊ दे.

त्या सकाळी काय झालं ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय, म्हणून सांगते. तुमची गाडीतून आणलेली मंडळी धक्क्यावर आली तेव्हा मी तुला पाठीवरूनच ओळखलं. माझा हात मोटरवरून सुटला. तू पपांसमोर येऊन उभा राहिलास, काळा चष्मा काढलास, आणि थांबलास. तुझा चेहरा मी पाहिला, फाउस्तिनो. लहानपणी पडल्यावर कोणी उचलायला येतं का बघायचास, तसा चेहरा. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. पपा "वेलकम, सर" म्हणाले आणि तू चष्मा परत लावलास. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलंस. मला वाटलं, गंमत करतोय, नदीच्या पहिल्या वळणावर बोलेल. मी गप्प राहिले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं.

तू बोललास, पण इंग्रजीत. घशातून, तुझ्या साहेबांसारखा. लिसिमाको समोरून त्याची होडी घेऊन आला, त्याने हाक मारली, "एलादिओकाका, आज मोठे लोक दिसतायत की." पपा म्हणाले, "मोठेच आहेत, बाबा, होडी खाली बसलीय." तू तर लिसिमाकोबरोबर एका बादलीत आंघोळ केलेला. तेव्हाही तू मान वळवून झाडं बघत बसलास. मग साहेबांनी तुला विचारलं, ह्या लोकांना ओळखतोस का. इतकं इंग्रजी मला येतं. आणि "नाही, इथलेच कोणी आहेत" हे तुझं उत्तरही मला समजलं. पपांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, पण त्यांना तो आवाज कुठल्यातरी परक्या साहेबाचा वाटला. वाटणारच. तू तसा लावलाच होतास.

ओळख कोणी नाकारली, ते आता तूच ठरव.

त्यानंतर माझं लक्ष होडीवर राहिलं नाही. अरुंद ओढ्यात मोटर बंद करून वल्ही घेतली, सेक्रोपियाच्या झाडावर मला फांदीला चिकटून झोपलेला स्लॉथ दिसला, आणि मी पपांना विचारलं, "पपा, रात्री भात टाकू?" पण होडीचं नाक मी चुकीच्या झाडाकडे वळवलं. पपांनी नाकाच्या दिशेने हात केला आणि सुरू झाले. बघा, कसा हाताची उशी करून झोपलाय, तोंडावर कसं हसू आहे, आठवड्यातून एकदाच खाली उतरतो. समोर होतं वाळवीचं घर. झाडाला चिकटलेला काळा मातीचा गोळा. तुझे साहेब आधी गोंधळले, मग हसायला लागले, मग सगळी होडी हसली. त्यांनी मातीच्या गोळ्याचा फोटोही काढला. तू काहीतरी म्हणालास आणि ते आणखी हसले. पपांना वाटलं आपली गोष्ट रंगली. तेही हसायला लागले, सगळ्यांत जास्त वेळ. मी वल्हं पाण्यात घातलं आणि तिथून होडी बाहेर काढली. तेव्हा मला तुला पाण्यात ढकलावंसं वाटलं, आणि मगरींची आठवण होऊनही ते वाटणं कमी झालं नाही.

अजून लक्षात आलं नसेल तर सांगते. माझ्या मनात नव्हतं सांगायचं. पपांनी मला आईची शपथ घातली आहे आणि ती मी आज मोडते आहे.

पपांना दिसत नाही.

थोडं थोडं जात होतं ते दीड वर्षापूर्वी जवळजवळ सगळं गेलं. काचबिंदू. लिमोनच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही. उजेड-अंधार कळतो, माणूस समोर उभा असला तर सावली कळते. नदी त्यांना पाठ आहे, होडीतली प्रत्येक फळी पाठ आहे, म्हणून तुमच्यासारख्यांना पत्ता लागत नाही. प्राणी मी शोधते. होडीचं नाक तिकडे वळवते आणि काय आहे ते स्वयंपाकाच्या प्रश्नातून कळवते. भात म्हणजे स्लॉथ, मासळी म्हणजे मगर, केळी म्हणजे माकडं. मग ते हात करतात आणि बोलतात. बोलणं अजून त्यांचंच आहे. फेरीचा परवाना त्यांच्या नावावर आहे, आणि डोळे गेल्याचं कचेरीला कळलं तर तो त्याच दिवशी जाईल. मला परवाना मिळेल, कदाचित, कधीतरी. पण मला माझी काळजी नाही. सकाळी होडी ढकलायची नसेल तर तो माणूस उठेल कशाला?

तुला का कळू द्यायचं नव्हतं, तेही लिहिते. "तो येईल, मला उचलून नेईल, आणि सान होसेला त्याच्या घराच्या गॅलरीत खुर्चीवर ठेवील," असं ते म्हणाले. "कुंडीसारखा." मी म्हटलं, तो येणार नाही, तुम्ही निश्चिंत असा. ते दारात जाऊन बसले. मला वाटतं, माझं म्हणणं खोटं ठरावं असं त्यांना वाटत होतं.

आता तूच सांग, त्यांनी तुला कसं ओळखायचं होतं? आपल्या काठावर होडीत पाय टाकायच्या आधी माणूस नाव सांगतो आणि "येऊ का?" विचारतो. आतला "ये" म्हणतो, मग चढायचं. शेंबडं पोरही विचारल्याशिवाय चढत नाही. तूही चढला नाहीस कधी, अगदी भांडून तणतणत निघालास त्या दिवशीसुद्धा लाँचवाल्याला विचारूनच चढलास. न बोलता चढतात ते फक्त फेरीचे पाहुणे. त्यांना पपा "सर" म्हणतात. तू गावचा सगळा रिवाज धक्क्यावर टाकून आलास, शहाण्या, आणि वर म्हणतोस मला परका केला.

त्या दिवशी जेवताना ते तुमच्याबद्दल बोलत होते. कोण बाई फार शिंकत होती, कोणाला माकडं आवडली. मग म्हणाले, "शेवटी उतरला तो माणूस बघितलास का? हात गार पडला होता त्याचा. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला, तरी सोडेना. बिचारा. पाण्यातला माणूस नव्हता तो." मी भात वाढला. 

तेव्हा तुझा हात गार होता हे मला माहीत आहे आणि तू तो सोडत नव्हतास हेही. नाहीतर हे पत्र मी लिहिलं नसतं. तुझं पत्र चुलीत घातलं असतं आणि तुला मेलेला धरून मोकळी झाले असते. तुझे बूट, तुझा चष्मा, ते घशातलं इंग्रजी, सगळ्याची मला किळस आली. अजून येते. ती काही हे लिहून गेलेली नाही.

कचेरीला कळवायचं असेल तर आता तुला कळवण्यासारखं मिळालं आहे. गाद्या आणि रुमालांपेक्षा हे पुष्कळ मोठं आहे, बढतीसुद्धा मिळेल. ते केलंस तर कोणी कळवलं ते मी पपांना नाव घेऊन सांगेन, एवढं लक्षात ठेव. आणि यायचं असेल तर रविवारी ये. रविवारी फेरी नसते. ग्लेंडाला आण, साहेबांना नको. धक्क्यावर ये आणि आपल्या भाषेत तोंड उघड. ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. शिव्याही देतील, त्या ऐकून घे. पण त्यांना घेऊन जायचं नाव काढलंस, तर मी वल्हं उगारीन.

राहता राहिली माफी. तुला ती लेखी हवी आहे. फाउस्तिनो, ते मागतील रे. मी आत्ता आत जाऊन सांगितलं की तो गार हाताचा माणूस तुमचा मुलगा होता, तर ते ताट बाजूला सारतील आणि मला कागद घ्यायला सांगतील. ओळखलं नाही म्हणून तुझी माफी मागतील, बायकोसमोर तुझा मान राहिला नाही म्हणून तिची मागतील, आणि ते मातीचं घर स्लॉथ म्हणून दाखवलं हे कळलं तर तुझ्या साहेबांचीही मागतील. माझ्याच हाताने मला ते लिहावं लागेल. म्हणून मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते आत बसलेत आणि पुन्हा विचारतायत, ती हॉटेलची जाहिरात खरंच फाउस्तिनोच्या हॉटेलची नव्हती ना.

अजून तरी तुझी बहीणच,
ओतिलिया